हौद्यावरचे छप्पर

पिकअप नावाचे वाहन कारखान्यातून बाहेर पडते ते अर्धवट बांधलेल्या घरासारखे. पुढची खोली तेवढी सर्व बाजूंनी पुरी झालेली असते. तिला दारे असतात, काचा असतात, गाणी ऐकण्याची सोय असते आणि अलीकडे काही गाड्यांत उन्हाळ्यात थंड वारा देणारे यंत्रही असते. मागे मात्र नुसता हौदा. भोवती कमरेइतके पत्र्याचे कठडे, मागच्या बाजूस उघडणारा फाळका, आणि वर आकाश. या आकाशाचे काय करावयाचे हा प्रश्न कारखानदाराने मोठ्या धूर्तपणाने गिऱ्हाइकावर सोपविलेला आहे. गिऱ्हाइकापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. लोखंडी नळ्यांचा सांगाडा हौद्यावर उभारावा, त्यावर लांबलचक माल लादावा, पावसात त्याच्या कमानींवर ताडपत्री ओढावी आणि पाऊस सरला की ती गुंडाळून ठेवावी, हा एक. पत्र्याचा किंवा फायबरचा कायमचा टप चढवावा, त्यास मागून दार व दारास कुलूप लावावे, आणि हौद्याची कोठी करून टाकावी, हा दुसरा.

साहित्याच्या मासिकात गाडीच्या टपास जागा कशाला, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. सुशिक्षित घरांपैकी बहुतेकांच्या दारात पिकअप नसते, तेव्हा हा प्रश्न त्यांस पडण्याचे कारण नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु गेले दोन महिने कळंब्यातील आमच्या घरात या एका प्रश्नाने असा ठिय्या दिला आहे की, जेवणाच्या पानावर दुसरा विषय निघत नाही. शिवाय त्या प्रश्नाच्या पोटात दुसराच एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मात्र पुष्कळ घरांत असावा.

कोल्हापुराच्या दक्षिणेस गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंबा आहे. परमुलखातील माणसास हे नाव मध्यवर्ती कारागृहामुळे ठाऊक असते, कोल्हापूरकरांस तलावामुळे. एके काळी या तलावाचे पाणी शहरास जात असे. आमच्या लहानपणी तलाव आणि शहर यांच्यामध्ये ऊस उभा असे. आता तेथे घरे उभी आहेत, आणि त्यांपैकी एक आमचेच असल्यामुळे त्याबद्दल उसासे टाकण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाही. आमच्या थोरल्या बंधूंची दोन एकर जमीन मात्र या घरांच्या दाटीत अजून शिल्लक आहे. त्यातील दीड एकरात ऊस आणि अर्ध्या एकरात वैरण. गोठ्यात तीन म्हशी. दादांचे चिरंजीव वाणिज्य शाखेचे पदवीधर असून त्यांनी गुळाचा धंदा आरंभिला आहे. गुऱ्हाळावरून चांगला गूळ निवडून आणावयाचा, त्याच्या लहान ढेपा आणि भुकटी डब्यांत भरावयाची, आणि शहरातील दुकानांस पोचवावयाची. २०१४ साली कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून या मालास नाव आहे आणि पुढे पुण्यापर्यंत जाता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. तो आम्हांस चुकीचा वाटत नाही.

पितापुत्रांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली. निम्मे पैसे बापाचे, निम्मे मुलाचे. येथेच सगळी मेख आहे. गाडी एकाची असती तर छप्पर त्याच्या मर्जीचे झाले असते. ती दोघांची झाली म्हणून लवादाची गरज भासली, आणि घरातील इंग्रजी शिकलेला मनुष्य म्हणून तो मान आमच्याकडे आला.

"काका, गुळाला पावसाचा एक थेंब चालत नाही," पुतण्याने आपली बाजू मांडली. "वाटेत पाणी लागलं की माल गेलाच. टपाशिवाय मी धंदा कसा करू, तुम्हीच सांगा."

"आणि म्हैस काय त्या दारातनं वाकवून आत घालू व्हय?" दादा म्हणाले. "मास्तर, तू पुस्तकं वाचलेला माणूस. ह्याला जरा समजावून सांग."

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला असे मात्र समजू नये. आमच्या आजोबांच्या दारात बैलगाडी होती आणि तिच्या साट्यावरही आकाशच होते. ऊस भरावयाचा असला की साट्याच्या कडेने उभ्या खुंट्या मारीत. शेणखत न्यावयाचे असले की कामट्यांच्या विणलेल्या तट्ट्या उभ्या करीत. आणि चैत्रात बायकापोरे जोतिबाच्या यात्रेस निघाली की वाकविलेल्या कामट्यांवर घोंगडी पसरून सावली करीत. गाडी एकच, पण काम बदलले की तिचा वेष बदले. ज्यांच्या घरी चार पैसे अधिक असत ते माणसांसाठी निराळी दमणी ठेवीत. आमच्या आजोबांकडे ते चार पैसे नव्हते. म्हणून साट्यावर कायमचे छप्पर ठोकण्याचा विचार त्यांच्या मनात कधी आला नसावा. तसे केले असते तर त्यांस खत डोक्यावरून वाहावे लागले असते.

अमेरिकेतही आरंभ असाच झाला. तेथील शेतकरी आपल्या मोटारीचा मागचा भाग काढून टाकून त्या जागी लाकडी पेटी बसवीत. हे पाहून १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या 'मॉडेल टी' गाडीस कारखान्यातच हौदा बसविला आणि ती २८१ डॉलरला विकावयास काढली. आज त्या देशात टपाखाली गादी अंथरून माणसे अरण्यात रात्र काढतात, आणि सांगाड्यावर तंबू ठोकून त्यात निजतात. तेथे निवड करावयाची ती सहलीच्या सोयीची. आपल्याकडे १९८८ साली टाटामोबाइल आली आणि २००५ साली लोकांनी लाडाने 'छोटा हत्ती' म्हटलेली टाटा एस आली. या गाड्यांनी सहली थोड्या आणि भाजीपाला, दुधाचे कॅन, सिमेंट, लग्नाच्या मांडवाच्या खुर्च्या, बँडवाल्यांचे ढोल आणि वैरण यांची ने-आण फार केली. त्यामुळे येथे छप्पर ठरविणे म्हणजे पोटापाण्याचा धंदा ठरविण्यासारखेच झाले आहे.

लवाद म्हणून आम्ही प्रथम दोन्ही पक्षांचे गुणदोष पाहण्यासाठी शिवाजी उद्यमनगरात चार दिवस चकरा मारल्या. ज्या उद्यमनगराने ऑइल इंजिने बनवून गावोगावच्या विहिरींवर नेऊन बसविली, तेथे आजही लोखंडाविषयी दोन शब्द ऐकावयाचे असतील तर ऐकणाऱ्यास तोटा नाही. सांगाड्याचे पहिले सुख असे की, हौदा साधारण नऊ फूट लांब असला तरी शिडी, कळकाचे ओझे, शेतातील पाण्याचे पाइप हे केबिनच्या डोक्यावरून पुढे नेता येतात. खाली पोती व वर लांब माल असे दोन मजले होतात. माल बाजूने चढविता येतो, वरून सोडता येतो, फाळका पाडून मागून ओढता येतो. परंतु ओझे जितके उंच तितकी गाडी वळणावर झुकते, आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना वरच्या मजल्यावर भार असला की चालक देवाचे नाव घेतो. शिवाय ताडपत्री ही वस्तू दिसते तितकी गरीब नाही. दोर सैल राहिला की ती वाऱ्याने फडफडून फाटते. दोन कमानींमध्ये अंतर अधिक पडले की तिला झोळ पडून पाणी साचते. आणि मग ते पाणी नेमके खालच्या पोत्याचा पत्ता शोधीत जाते. रात्री रस्त्यावर गाडी उभी करून चहा घ्यावयास उतरले, तर एक डोळा तिच्यावर ठेवावा लागतो.

टपास यांतले काही नाही. धूळ नाही, पाऊस नाही, चोर नाही. कुलूप लावले की मालक निर्धास्त. पण माल भरावयाचा तो मागच्या एका दारातून, आणि अगदी पुढची पेटी हवी असली की चार पेट्या बाहेर काढून गुडघ्यांवर रांगत आत जावयाचे. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली भाजी उकडते. केबिनमधल्या आरशातून मागे पाहावे तर काळोख दिसतो. टपाचे वजन गाडीच्या भरण्यातून, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेल्या दीड टनाच्या आसपासच्या आकड्यातून, कायमचे वजा होते. गाडी रिकामी धावली तरी ते ओझे तिच्या पाठीवर असतेच. "पाहिजे तेव्हा काढता येतो की, सर," असे आम्हांस तेथे एका कारागिराने सांगितले. चार माणसे लावून तो काढता येतो हे खरे. परंतु काढलेला टप ठेवावयाचा कोठे? टप काढता येतो असे सांगणारी माणसे आम्हांस पुष्कळ भेटली. तो काढणारा मनुष्य अजून भेटावयाचा आहे.

कायद्याचेही मत घेणे भाग होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ वर्णनाशी नोंदणीपुस्तकातील तपशील विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत याविषयी कडक शब्दांत निर्णय दिलेला आहे. तेव्हा उघड्या गाडीची बंद गाडी करावयाची तर आधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी, मग उद्यमनगराची. आमच्या सौभाग्यवतींनी टपाखाली सतरंजी अंथरून सर्वांनी नरसोबाच्या वाडीस जाण्याचा बेत मनाशी रचला होता; मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसविणे कायद्यास मंजूर नाही, हे ऐकून त्यांचा टपावरील लोभ एकदम कमी झाला, आणि बंद पक्षाचे एक मत गेले.

अध्यापकाचा स्वभाव असा की, गाडी म्हटली की त्यास एखादे नाटक आठवते. शूद्रकाच्या मृच्छकटिकातील सहावा अंक सगळा बंद गाडीवर उभा आहे. देवलांच्या कृपेने ती कथा मराठी घरांत परकी नाही. चारुदत्ताचा गाडीवान गाडीतील बिछायत विसरतो आणि ती आणावयास परत जातो. तेवढ्यात गावच्या गाड्यांनी रस्ता अडल्यामुळे शकाराची गाडी त्याच दारात थांबते. आणि वसंतसेना आपली समजून नेमकी तीत चढते. इकडे बंदीवासातून पळालेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत लपतो, आणि ती तपासावी की न तपासावी यावरून वीरक व चंदनक हे दोघे शिपाई रस्त्यातच हातघाईवर येतात. गाडी उघडी असती तर वसंतसेनेवरील संकट टळले असते, आर्यक पकडला गेला असता, आणि नाटक सहाव्या अंकातच संपले असते. आम्ही हे दादांस सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे उघडी गाडी बरी, असंच झालं की." पुतण्या म्हणाला, "पण बंद गाडीमुळं राजा वाचला ना, काका?" आर्यक पुढे राजा होतो हे त्याच्या ध्यानात होते. मुलांस नाटके दाखवू नयेत ती यासाठी.

दादांच्या पक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे पूर. आमची पुतणी प्रयाग चिखलीस दिलेली आहे. जेथे नद्या मिळून पंचगंगा होते त्या संगमाचे ते गाव. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. रस्ता बंद होण्यापूर्वी दादा शेजाऱ्याची उघडी पिकअप मागून घेऊन तिकडे गेले. पहिल्या खेपेस दोन म्हशी आणि एक रेडकू आले. हा आमचा पुतण्याच हौद्यात उभा राहून त्यांची दावी धरून होता. दुसऱ्या खेपेस गव्हाची पोती, शिवणयंत्र, आणि व्याहीणबाईंची खाट. खाट आडवी बसेना म्हणून उभी करून कठड्यास बांधली होती. तिसरी खेप झाली नाही. तोवर पाण्याने रस्ता घेतला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रसंग आला, आणि त्या वेळी व्याह्यांनी निरोप धाडला तो एवढाच की, उघडी गाडी घेऊन या.

"ती गाडी बंद असती तर?" दादांनी विचारले.

पुतण्याने जे उत्तर दिले ते आम्हांस अजून खोडून काढता आलेले नाही. "दादा, पूर काही वर्षांतनं एकदा येतो. पाऊस वर्षाला चार महिने येतो. धंदा रोज करायचा असतो."

परंतु म्हशींचा प्रश्न पुराएवढाच नव्हता. कळंब्याच्या हद्दीत वैरण आता पुरेशी होत नाही. ती बाहेरून आणावी लागते. हंगामात उसाचे वाडे मिळतात, ते हौद्यातून माथ्यापर्यंत रचून आणल्याशिवाय परवडत नाहीत. म्हैस आजारी पडली तर तिला दवाखान्यात न्यावयाचे, फळली नाही तर बाजारात न्यावयाचे, ते याच गाडीतून. टप बसला की वाडे येणार नाहीत. वाडे आले नाहीत की म्हशी परवडणार नाहीत. म्हशी गेल्या की वैरणीचे अर्धे एकर रिकामे होईल, आणि कळंब्यात रिकामे अर्धे एकर फार दिवस रिकामे राहत नाही. त्या तुकड्यासाठी दादांकडे आतापर्यंत तीन माणसे येऊन गेली आहेत. तिघांनीही चहा घेतला आणि तिघांनीही जाताना 'घाई नाही' असे सांगितले. दादा टपास भितात ते या साखळीमुळे. ती त्यांनी आमच्यापुढे बोलून दाखविली नाही. आम्ही ती त्यांच्या वैरणीच्या हिशेबाच्या वहीत वाचली.

पुतण्यासही हे कळत होते. तो गप्प होता तो दुसऱ्याच कारणाने. टपाच्या दोन्ही बाजूंस आपल्या गुळाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवावे, खाली ढेपेचे चित्र काढावे, आणि गाडी राजारामपुरीतून जाताना लोकांनी ते वाचावे, अशी त्याची हौस होती. त्याचा नमुनाही त्याने एका रंगाऱ्याकडून कागदावर काढून आणला होता. तो कागद आम्ही पाहिला. अक्षरे सुबक होती. चोवीस वर्षांच्या मुलाने आपले नाव गावातून फिरताना पाहण्याची इच्छा धरावी यात गैर काय आहे? मासिकात आमचा लेख छापून आला की तो आम्हीही दोनदा वाचतो.

दोन महिन्यांत या विषयावर सर्वांचे बोलणे झाले. शेजाऱ्यांचे झाले, गाड्यांच्या दलालाचे झाले, आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी गुरुत्वमध्यावर अर्धा तास व्याख्यान दिले. जिच्या गोठ्यापासून हा वाद निघाला त्या आमच्या वहिनींस मात्र कोणी विचारले नाही. त्या पहाटे पाचास उठून तीन म्हशींची धार काढतात, आणि आमची परिषद चालू असता चहा आणून ठेवून आत जातात. एका रविवारी कपबशा उचलता उचलता त्या पुतण्यास म्हणाल्या, "गुळाला छप्पर पायजे. गाडीला कशाला?"

दादा हसले. पुतण्या हसला नाही. तो उठून बाहेर गेला आणि टेपाने हौदा मोजू लागला.

त्यानंतर आमचे काम फारसे उरले नाही. लवादाचा निर्णय म्हणून आम्ही जो सांगितला तो असा: हौद्यावर टप चढवू नये, नळ्यांच्या कमानी बसवाव्या, गुळासाठी रबराची पट्टी लावलेल्या झाकणाच्या, कुलूप असलेल्या तीन पत्र्याच्या पेट्या कराव्या, आणि त्या केबिनला लागून हौद्याच्या पुढच्या भागात बोल्टांनी आवळाव्या. रिकामी पेटी दोघांस सहज उचलता यावी आणि बोल्ट काढण्यास पाव तासाहून अधिक वेळ लागू नये, एवढी अट घातली आहे. पेट्यांवर ताडपत्री आहेच. यात पुतण्याचा तोटा उघड आहे. टपात जितका माल मावला असता त्याचा तिसरा हिस्सा पेट्यांत मावेल, आणि पुण्याची खेप परवडावयाची तर त्यास हंगामात आठवडाभर म्हशींचे काम बंद ठेवून आणखी पेट्या चढवाव्या लागतील. त्या आठवड्याची वैरण आधी आणून ठेवण्याचे दादांनी कबूल केले आहे. दोर कोणी बांधावयाचा हा मुद्दा मात्र अजून पुरता मिटलेला नाही. दादांनी मारलेली गाठ दुसऱ्या कोणास सुटत नाही, आणि पुतण्याने मारलेली गाठ वाटेतच आपोआप सुटते, असे परस्परांचे आरोप आहेत.

सध्या गाडी उद्यमनगरात आहे. कमानी पाच बसवाव्या की सहा, यावर दोन दिवस गेले. ताडपत्रीस झोळ पडू नये म्हणून सहा ठरल्या. टप गेल्यामुळे नाव लिहावयास जागा उरली ती मागच्या फाळक्याची. तेथे 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' असावे असा दादांचा आग्रह आहे, आणि तेथे गुळाचे नाव असावे असा मुलाचा. फाळका साडेपाच फूट रुंद आहे. रंगारी म्हणतो, दोन ओळी आरामात बसतील, पण वरची कोणती ते घरातनं ठरवून या.